मोक्याच्या जागा : व्हिएतनामच्या रणभूमीतील काही स्थळे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भविभागात वेगवेगळ्या काळी छापलेले जगाचे नकाशासंग्रह एकमेकांना खेटून उभे असतात. नवा आला म्हणून जुना काढून टाकावा, असे चांगल्या ग्रंथपालाला कधी वाटत नाही. अशा संग्रहांतून आग्नेय आशियाची पाने उघडून शेजारी शेजारी ठेवली, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. १९३०च्या सुमाराच्या नकाशात व्हिएतनाम नावाचा देशच नाही. तेथे ‘फ्रेंच इंडोचायना’ असा एक रंगीत पट्टा आहे आणि त्यात तोंकिन, अनाम, कोचीन-चायना अशी नावे आहेत. १९६०च्या नकाशात व्हिएतनाम आहे, पण एक नव्हे, दोन. मध्ये सतराव्या अक्षांशालगत एक तुटक रेषा आहे. १९८०च्या नकाशात ती रेषा पुसली गेलेली आहे. नद्या, डोंगर, भाताची खाचरे जागच्या जागी राहिली. बदलत गेली ती वरची शाई. या शाईचा हिशेब काही लक्ष माणसांच्या रक्ताने चुकता करावा लागला.

साठ-सत्तरच्या दशकांत वाचनालयात वृत्तपत्रे चाळणाऱ्या पिढीला हनोई, सायगॉन, खे सान, दा नांग ही नावे शेजारच्या तालुक्याच्या गावांइतकी परिचित झाली होती. रोज सकाळी त्यांतले एखादे नाव मथळ्यात असे. मथळ्यांना मात्र एक खोड असते : जागा का महत्त्वाची, ते तिथे सांगितले जात नाही, ती महत्त्वाची आहे, एवढेच सांगितले जाते. मराठीत आपण ‘मोक्याची जागा’ म्हणतो. हा मोका कोणाचा, आणि जागा कोणाची, असा प्रश्न आजच्या व्याख्यानापुढे आहे.

प्रथम भूमीचा आकार ध्यानात घ्यावा लागेल. उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांबीचा हा देश मध्यभागी इतका निमुळता होतो, की एके ठिकाणी समुद्र आणि लाओसची सरहद्द यांत जेमतेम पन्नास किलोमीटरांचे अंतर उरते. व्हिएतनामी लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. उत्तरेला तांबड्या नदीचा आणि दक्षिणेला मेकाँगचा त्रिभुजप्रदेश या भाताने भरलेल्या दोन टोपल्या, आणि मधला चिंचोळा प्रांत म्हणजे कावडीची दांडी. कावड तोलायची तर दांडी मजबूत हवी, आणि मोडायची तर घावही दांडीवरच घालायला हवा. या चिंचोळ्या पट्ट्याच्या पाठीशी त्रुओंग सोन ही डोंगररांग उभी आहे. तिच्या दोन्ही उतारांवर घनदाट अरण्य, आणि दोन्ही बाजूंच्या पावसाळ्याचे महिने वेगळे. पूर्वेकडे चिखल असतो तेव्हा पश्चिमेकडे वाट कोरडी असते. पुढच्या बऱ्याचशा इतिहासाचा उगम या एका वाक्यात आहे.

किनाऱ्यावरील कॅम रान्हच्या उपसागराचे उदाहरण आधी घेऊ. कारण ‘मोक्याची जागा’ ही कल्पना किती निर्विकार असते, ते तेथे स्वच्छ दिसते. खोल पाणी, सर्व बाजूंनी डोंगरांचा आडोसा, निरुंद मुख : आरमाराला यापेक्षा चांगले नैसर्गिक बंदर मिळणे कठीण. १९०५ साली रशियाचे बाल्टिक आरमार जपानशी लढायला अर्धे जग वळसा घालून निघाले, ते येथे थांबले होते. पुढे त्सुशिमाला ते बुडाले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मलायावर चढाई केली तेव्हा हेच बंदर त्यांच्या कामी आले. १९६५पासून अमेरिकेने येथे प्रचंड तळ उभारला. १९७९पासून सोव्हिएत आरमार आले आणि २००२ साली शेवटचे रशियन निघून गेले. एकाच शतकात चार सत्तांची निशाणे या पाण्यावर फडकली. तेथे मासे धरणाऱ्या कोळ्यांना कोणी कधी काही विचारल्याची नोंद आढळत नाही.

दुसरे स्थळ सायगॉन, आणि साल १९४५. या प्रसंगाशी हिंदुस्थानचा संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही, म्हणूनच तो सांगितला पाहिजे. २ सप्टेंबर १९४५ रोजी हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली. परंतु पॉट्सडॅमच्या बैठकीत विजेत्यांनी आधीच ठरवून टाकले होते, की शरण आलेल्या जपानी सैन्याची शस्त्रे सोळाव्या अक्षांशाच्या उत्तरेस चिनी सैन्याने आणि दक्षिणेस ब्रिटिशांनी उतरवून घ्यावीत. म्हणजे देशाचे दोन तुकडे करणारी पहिली रेषा सतरावी नव्हे, सोळावी होती, आणि ती आखताना व्हिएतनामी माणूस बैठकीत नव्हता. दक्षिणेत आलेले ‘ब्रिटिश’ सैन्य म्हणजे जनरल डग्लस ग्रेसी यांच्या अधिपत्याखालील विसावी इंडियन डिव्हिजन होती. ब्रह्मदेशात पराक्रम गाजवून आलेल्या गुरखा, पंजाबी, डोग्रा शिपायांना येथे फ्रेंच सत्ता पुन्हा गादीवर बसवण्याच्या कामी लावले गेले. मनुष्यबळ अपुरे पडले, तेव्हा ज्यांची शस्त्रे उतरवायची त्याच जपान्यांच्या हाती ती परत देऊन त्यांनाही व्हिएतनामी बंडखोरांवर सोडण्यात आले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या शिपायाकडून दुसऱ्याचे स्वातंत्र्य मोडून घेण्याचा हा प्रकार हिंदुस्थानात फार झोंबला. पंडित नेहरूंनी त्याचा जाहीर निषेध केला. १९४६च्या प्रारंभी ही डिव्हिजन परतू लागली. फ्रेंच राहिले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच युद्धाला तोंड फुटले.

आता दिएन बिएन फू. या नावापाशी थोडे थांबणे भाग आहे.

हनोईच्या पश्चिमेस, लाओसच्या सीमेजवळ, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले सतरा-अठरा किलोमीटर लांबीचे आणि सहा-सात किलोमीटर रुंदीचे एक खोरे आहे. त्याचे स्थानिक नाव मुओंग थान्ह. येथे थाय जमातीचे लोक भात पिकवीत. अफूचाही व्यापार चाले. लाओसकडे जाणारी वाट येथून जाते, म्हणून फ्रेंच सेनापती आँरी नावार यांना ही जागा अडवून बसावेसे वाटले. २० नोव्हेंबर १९५३ रोजी छत्रीधारी सैनिक खोऱ्यात उतरले. खंदकांच्या छपरांसाठी लाकूड हवे, म्हणून खेडुतांची घरे उतरवण्यात आली. सभोवतालच्या टेकड्यांवर ठाणी बसली आणि त्यांना फ्रेंच स्त्रियांची नावे देण्यात आली : बेआत्रिस, गाब्रिएल, एलिआन, इझाबेल. खेडुतांच्या तोंडी मात्र त्या टेकड्यांची जुनीच नावे राहिली.

फ्रेंचांचा हिशेब साधा होता. शत्रूजवळ विमाने नाहीत. डोंगरांतून रस्ते नाहीत. तोफा तेथवर येणार नाहीत. आल्याच तर पाठीमागच्या उतारावर ठेवाव्या लागतील, आणि पहिला बार होताच फ्रेंच तोफा त्यांना गप्प करतील. तोफखान्याचे प्रमुख शार्ल पिरॉत यांनी तशी हमीच दिली होती. या हिशेबात एकही आकडा चुकलेला नव्हता. चुकले होते ते माणसाचे मोजमाप.

समोर व्हो न्गुएन ग्याप होते. सैनिकी विद्यालयाचे तोंड न पाहिलेला, हनोईच्या एका खाजगी शाळेत इतिहास शिकवलेला हा मास्तर. त्यांच्या सैन्याने तोफा सुट्या करून, दोरखंडांनी, हाताहाताने ओढत डोंगर चढवल्या आणि त्या पाठीमागच्या उतारावर नव्हे, तर खोऱ्याकडे तोंड करून, समोरच्या उतारात गुहा खणून बसवल्या. वरून झाडी तशीच ठेवली. हा दारूगोळा आणि तांदूळ वाहून आणण्यासाठी अधिकृत व्हिएतनामी नोंदींप्रमाणे सुमारे दोन लाख साठ हजार हमाल राबले, आणि वीस हजारांहून अधिक सायकली होत्या. या सायकलींवर कोणी बसत नसे. दांड्याला बांबू जोडून हँडल लांब केलेले, चौकटीला दोन्हीकडे पोती बांधलेली, आणि माणूस बाजूने चालत ती ढकलतो आहे. अशी एक सायकल दोनशे किलोंहून अधिक वजन नेई. फ्रान्समध्ये तयार झालेल्या सायकलींनीच फ्रेंच साम्राज्याची उत्तरक्रिया केली, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी अलंकारिक ठरणार नाही. चीनने तोफा, मालमोटारी आणि सल्लागार दिले होते, हेही येथे सांगायला हवे. केवळ सायकलींची कथा गाणारे ते गाळतात.

ग्याप यांचा खरा मोठेपणा वेगळ्याच प्रसंगात आहे. जानेवारी १९५४च्या अखेरीस, एका झटक्यात तळ घ्यायचा असे ठरले होते. सैन्य सज्ज, तोफा जागेवर, चिनी सल्लागारांचा होकार. पण हल्ल्याच्या आदल्या रात्री ग्याप यांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी हल्ला रद्द केला आणि प्राणांतिक कष्टांनी वर चढवलेल्या तोफा पुन्हा खाली उतरवण्याचा हुकूम सोडला. विजयाला अधीर झालेल्या सैन्याला माघारीचा हुकूम देणे, हे लढाई जिंकण्याहून कठीण असते. पुढे दीड महिना तयारी करून, १३ मार्चला, पहिली तोफ डागली गेली. त्याच रात्री बेआत्रिस पडले. दोन दिवसांत पिरॉत यांनी आपल्या आश्रयखंदकात हातबॉम्बने जीव दिला. त्यांचा एक हात पूर्वीच्या युद्धात गेलेला होता. मार्चअखेर धावपट्टी निकामी झाली; मग जखमींना बाहेर काढण्याचा मार्गच उरला नाही. व्हिएतनामी खंदक रोज काही हात पुढे सरकत होते. एलिआन ठाण्याखाली भुयार खणून जवळजवळ एक टन स्फोटके भरली गेली, ती ६ मेच्या रात्री उडाली. तो खड्डा आजही तेथे आहे. ७ मे रोजी, छप्पन्नाव्या दिवशी, तळ पडला. दहा हजारांवर सैनिक कैद झाले आणि त्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश जिवंत घरी परतले. विजेत्यांच्या मृतांचा अधिकृत आकडा चार हजारांच्या आसपास आहे. फ्रेंच अंदाज त्याच्या दुप्पट सांगतात. विजयाच्या कथेत पराभूतांच्या कैदेतील मृत्यूंना जागा नसते आणि पराभवाच्या कथेत विजेत्यांच्या हमालांना नसते. वाचकाने दोन्ही पुस्तके वाचावीत, हे बरे.

येथे एक लहानसे विषयांतर क्षम्य ठरावे. व्हिएतनामने हे युद्धतंत्र छत्रपती शिवाजी महाराजांकडून घेतले, तिकडच्या कोणा मंत्र्याने येऊन रायगडाची माती कपाळी लावली, अशी एक आख्यायिका मराठी सभांतून वर्षानुवर्षे सांगितली जाते. ऐकायला ती गोड आहे. तिला विश्वासार्ह आधार मात्र कोणीही पुढे केलेला नाही. ग्याप यांच्यासमोर आदर्श होते ते त्यांच्याच इतिहासातले : तेराव्या शतकात मंगोलांना परतवणारा त्रान हुंग दाओ, पंधराव्या शतकात मिंग सत्ता झुगारणारा ले लोई, आणि १७८९ साली नववर्षाच्या सणात चिनी छावणीवर तुटून पडणारा क्वांग त्रुंग. १९५१च्या एका मोहिमेला ग्याप यांच्या सैन्याने त्रान हुंग दाओचेच नाव दिले होते. सह्याद्री आणि त्रुओंग सोन यांत साम्य जरूर आहे. डोंगर ओळखणाऱ्याला मोठे सैन्य अडवता येते, हे दोन्हीकडे सिद्ध झाले. पण महाराजांची थोरवी सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याच्या पराक्रमातून उसनवारी करण्याची गरज नाही, आणि व्हिएतनामी मास्तरावर तो अन्याय होतो तो वेगळाच.

तळ पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, जिनिव्हात इंडोचायनाच्या प्रश्नावर चर्चा सुरू झाली. देश तात्पुरता विभागायचा, हे पुढे मान्य झाले. वाद उरला कोणत्या अक्षांशावर, याचा. व्हिएतनामी प्रतिनिधी फाम व्हान डाँग यांनी तेराव्यापासून आरंभ केला, मग चौदावा, मग सोळावा. फ्रेंच अठराव्यावर अडले होते. फ्रेंच पंतप्रधान मांदेस-फ्रान्स यांना सोळावा नको होता, कारण तो मान्य केल्यास हुए हे राजनगर आणि लाओसला समुद्राशी जोडणारा नऊ क्रमांकाचा रस्ता उत्तरेकडे जात होता. शेवटी सतरावा ठरला. २० जुलैची मध्यरात्र ही मुदत मांदेस-फ्रान्स यांनी स्वतःवर घालून घेतली होती. ती टळू नये म्हणून सभागृहाचे घड्याळ थांबवण्यात आले आणि सह्या २१ जुलैच्या पहाटे झाल्या. बाजारात भाव करताना होते तसेच हे झाले. फरक इतकाच, की येथे मोजमाप अंशांत होते आणि प्रत्येक अंशात शेकडो गावे होती.

प्रत्यक्षात रेषा बेन हाय नावाच्या एका लहान नदीवरून गेली. नदीच्या दोन्ही बाजूंस पाच-पाच किलोमीटरांपर्यंतचा पट्टा निर्लष्करी ठरला. तीनशे दिवसांत ज्याला जिकडे जायचे त्याने जावे, असे ठरल्यावर आठ-दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, त्यांत कॅथलिक पुष्कळ होते. लाखाहून अधिक उत्तरेत गेले. दोन वर्षांत, जुलै १९५६पर्यंत, निवडणूक होऊन देश एक व्हायचा होता. त्यामुळे पुष्कळ घरांतून नवरा उत्तरेला आणि बायको-मुले दक्षिणेला, अशी ताटातूट दोन वर्षांपुरतीच म्हणून पत्करली गेली. दक्षिणेचे न्गो दिन्ह दिएम यांनी निवडणूक नाकारली. दोन वर्षांची एकवीस झाली.

या रेषेवर देखरेख ठेवण्याचे काम ज्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे आले, त्याचे अध्यक्षपद भारताकडे होते; पोलंड आणि कॅनडा हे अन्य सदस्य. जिनिव्हात भारताला खुर्ची नव्हती, तरी कृष्ण मेनन तेथे जाऊन मध्यस्थी करीत राहिले. ऑक्टोबर १९५४मध्ये नेहरू हनोईला गेले. १९५८मध्ये हो ची मिन्ह भारतात आले. आयोगाचे भारतीय अधिकारी आणि जवान जवळजवळ वीस वर्षे त्या देशात हिंडून अहवाल लिहीत होते. त्यांच्याजवळ लेखणी होती, अधिकार नव्हता. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आयोगाचे एक विमान व्हिएन्तियानहून हनोईकडे निघाले आणि वाटेत नाहीसे झाले. त्यात भारतीय, कॅनेडियन आणि पोलिश सदस्य होते, वैमानिक फ्रेंच होते. ते विमान आजवर सापडलेले नाही. आपल्याकडे शांतिसैनिकांच्या स्मरणात या माणसांची नावे क्वचितच घेतली जातात.

बेन हायवरचा हिएन लुओंग पूल १७८ मीटर लांबीचा होता. त्याच्या मधोमध सीमा. दक्षिणेने आपल्या अर्ध्या पुलाला एक रंग दिला, की उत्तर आपल्या अर्ध्याला तोच देई, कारण तिच्या मते देश एक होता. मग दक्षिण पुन्हा रंग बदली. दोन्ही काठांवर निशाणांच्या काठ्या होत्या, आणि एकीने उंची वाढवली की दुसरी वाढवी. अखेर उत्तरेची काठी अडतीस मीटरांवर गेली. दोन्हीकडे ध्वनिक्षेपक लावलेले होते. इकडून गाणी, तिकडून गाणी, इकडून भाषण, तिकडून त्याला उत्तर. नदी इतकी अरुंद, की पलीकडच्या काठावर कोण धुणे धूत आहे, ते ओळखू यावे. पोरखेळ म्हणून यावर हसता येते. १९६७ साली अमेरिकी बॉम्बहल्ल्यात पूल कोसळला, तेव्हा खेळ संपला. आज तेथे पुन्हा बांधलेला पूल आहे आणि त्याचे दोन भाग मुद्दाम दोन रंगांत ठेवलेले आहेत.

नदीच्या उत्तरेस, समुद्रकाठी, विन्ह मॉक हे कोळ्यांचे खेडे. समोर अठ्ठावीस किलोमीटरांवर कॉन को बेट आहे. त्यावरच्या सैनिकांना अन्नपाणी आणि दारूगोळा या खेड्यातून नावांनी जाई, म्हणून हे खेडे ‘मोक्याचे’ ठरले आणि आकाशातून त्यावर आग ओतली जाऊ लागली. तेव्हा गावाने जमिनीखाली जायचे ठरवले. तेथली तांबडी माती चिवट. खणल्यावर हवा लागून ती घट्ट होते. १९६५-६६पासून कुदळ-फावड्यांनी, टोपल्यांनी माती उपसत तीन थरांची भुयारे खणली गेली. वरचा थर बारा मीटरांवर, सर्वांत खालचा तेवीस मीटरांवर. काही तोंडे टेकडीवर उघडत, बरीचशी समुद्राकडे. आत प्रत्येक कुटुंबाला एक कोनाडा. त्यात तीन-चार माणसे जेमतेम आडवी होत. विहीर, स्वयंपाकघर, सभेची खोली, आणि एक बाळंतिणीची खोली. या भुयारांत सतरा मुले जन्माला आली. जन्मल्यावर त्यांच्या डोळ्यांना आधी दिवा दिसला, सूर्य पुढे कधीतरी. युद्धेतिहासांत विन्ह मॉकला दोन ओळी मिळतात आणि खे सानला ग्रंथच्या ग्रंथ.

खे सानला हे ग्रंथ उगाच मिळालेले नाहीत. नऊ क्रमांकाच्या त्याच रस्त्यावर, लाओसच्या सरहद्दीजवळ, हे पठार आहे. फ्रेंच काळात येथे कॉफीचे मळे लावले गेले. सभोवताली ब्रू या आदिवासींची गावे होती. मे १९५९मध्ये उत्तरेने ‘गट ५५९’ स्थापन केला आणि त्रुओंग सोनच्या अरण्यातून दक्षिणेकडे जाणारी वाट बांधायला घेतली, तीच पुढे हो ची मिन्ह मार्ग म्हणून गाजली. तिला मार्ग म्हणणे खरे तर चूक. ते पाऊलवाटांचे, मालमोटारींच्या रस्त्यांचे, नद्यांच्या उतारांचे एक जाळे होते, आणि अखेरीस त्यातून इंधनाचे नळही गेले. एक फाटा उद्ध्वस्त झाला, की दुसरा वाहू लागे. तो अडवण्यासाठी अमेरिकेने अरण्यावर पाने झडवणारी रसायने फवारली. १९६१ ते १९७१ या काळात सात कोटी लिटरांहून अधिक. पावलांचा कंप टिपणारी यंत्रे झाडीत टाकली. रेषेलगत विद्युत्-उपकरणांची ‘भिंत’ उभारायचे ठरले, तिला संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांचे नाव पडले. आणि या साऱ्याचे पश्चिमेकडचे टोक म्हणून खे सानच्या पठारावर मरीन सैनिकांचा तळ आला.

२१ जानेवारी १९६८ रोजी त्या तळावर तोफगोळे पडू लागले. पहिल्याच दिवशी दारूगोळ्याचे कोठार उडाले. सहा हजारांच्या आसपास मरीन आणि त्यांचे दक्षिण व्हिएतनामी सहकारी वेढले गेले. ‘दुसरे दिएन बिएन फू’ हा शब्दप्रयोग अमेरिकेत सर्वतोमुखी झाला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हाइट हाउसच्या तळघरात खे सानची प्रतिकृती करून घेतली होती, आणि रात्री-अपरात्री ते तेथे येऊन उभे राहत. चौदा वर्षांपूर्वीचा एक पराभव दुसऱ्याच राष्ट्राच्या प्रमुखाची झोप उडवतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवल वाटू नये. मात्र फ्रेंचांना नव्हते ते अमेरिकनांजवळ होते. सुमारे एक लाख टन बॉम्ब त्या पठाराभोवती टाकले गेले. याच वेढ्यात, ३० आणि ३१ जानेवारीला, तेत या नववर्षाच्या सणात, दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ले झाले. खे सान ही हूल होती, की खरा घाव तेथेच घालायचा होता, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. ग्याप यांनी दोन्ही दारे उघडी ठेवली असावीत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

एप्रिलमध्ये, सत्याहत्तर दिवसांनी, रस्ता मोकळा झाला. अधिकृत हिशेबात वेढ्यात पडलेले मरीन २०५. परंतु हा हिशेब एका मोहिमेपुरता आणि ठरावीक तारखांपुरता आहे. आसपासच्या टेकड्यांवरचे, सुटकेला आलेल्या तुकड्यांतले, विमानांतले मोजले तर आकडा कितीतरी वाढतो, आणि समोरच्या बाजूचे तर हजारोंनी गेले. यानंतर जुलैमध्ये अमेरिकनांनी काय केले? तळ मोडला, खंदक बुजवले आणि ते निघून गेले. ज्या जागेसाठी राष्ट्राध्यक्षांची झोप गेली, ती तीन महिन्यांत मोक्याची राहिली नाही. ब्रू लोकांची गावे तोवर नाहीशी झाली होती. आज तेथे पुन्हा कॉफी पिकते.

तेतच्या हल्ल्यात हुए या राजनगराची जी दैना झाली, ती थोडक्यातच सांगता येईल. न्गुएन राजवंशाच्या त्या तटबंदी नगरात जवळजवळ चार आठवडे घराघरांतून लढाई झाली. अमेरिकी तोफांनी राजवाड्याचा बहुतेक भाग ढासळला, आणि ज्यांच्या ताब्यात नगर होते त्या कम्युनिस्ट सैन्याने वेचून मारलेल्या नागरिकांचे दोन हजारांहून अधिक देह पुढे वाळूत पुरलेले सापडले. एका बाजूचा पक्ष घेणाऱ्याने यांतली एक गोष्ट सांगायची आणि दुसरी गिळायची, असे पुष्कळ वर्षे चालत आले.

बेन हायच्या दक्षिणेस क्वांग त्री नगर आहे. तेथील विटांचा किल्ला १८३७ साली मिन्ह मांग राजाने बांधून घेतला. १९७२च्या चढाईत उत्तरेच्या सैन्याने नगर जिंकले. मग ते परत घेण्यासाठी दक्षिणेने जूनअखेर ते १६ सप्टेंबर अशी एक्याऐंशी दिवस झुंज दिली. पॅरिसमध्ये वाटाघाटी चालू होत्या आणि त्या मेजावर ज्याच्या हाती क्वांग त्री त्याचा शब्द जड, एवढाच त्या किल्ल्याचा मोका. किल्ल्यात कुमक पोहोचवायची तर थाच हान नदी पोहून ओलांडावी लागे. पोहणाऱ्यांत विद्यापीठाचे वर्ग सोडून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले होती. नगरात उभी भिंत म्हणून उरली नाही. दर वर्षी त्या नदीत लोक फुलांचे दिवे सोडतात, आणि त्या पाण्यात नाव हाकताना वल्हे हलके टाकावे, असा तिकडचा संकेत आहे. युद्ध ३० एप्रिल १९७५ रोजी संपले, पण क्वांग त्रीच्या शेतांत न फुटलेले बॉम्ब राहिले. त्यांनी पुढच्या काळात आठ हजारांहून अधिक माणसे मारली वा पंगू केली. नांगर घालताना, भंगार वेचताना, आणि मुलांनी चेंडू समजून उचलल्यामुळे.

शेवटचे स्थळ मी सॉन. दा नांगच्या नैर्ऋत्येस, डोंगरांच्या कुशीत, चंपा राज्याचे हे देवस्थान. चौथ्या शतकाच्या अखेरीस राजा भद्रवर्मन याने येथे भद्रेश्वर शिवाची स्थापना केली; त्यानंतर सुमारे हजार वर्षे येथे विटांची मंदिरे उठत गेली आणि संस्कृत व चाम भाषांत शिलालेख कोरले गेले. संस्कृत जाणणाऱ्याला तेथील काही शिळा आजही वाचता येतील. विटा एकमेकींना कशाने जोडल्या, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. दरीत क्रांतिकारकांचा तळ होता, म्हणून ऑगस्ट १९६९मध्ये बी-५२ विमानांनी ती दरी भाजून काढली. फ्रेंच कलेतिहासकार फिलिप स्तेर्न यांनी अध्यक्ष निक्सन यांना पत्र लिहून निषेध केला, तोवर ‘ए-१’ या क्रमांकाने ओळखला जाणारा, चाम वास्तुकलेचा मुकुटमणी मानलेला मनोरा विटांचा ढीग झाला होता. युद्धानंतर पोलिश वास्तुविद काझिमिएझ क्व्यातकोव्स्की यांनी जे उरले ते सावरण्यात आपले उरलेले आयुष्य घातले. १९९९ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २०१७पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक तेथे काम करू लागले, आणि मे २०२०मध्ये, बॉम्बनी उकरलेल्या त्याच ‘ए’ गटातील दहाव्या मंदिराची माती काढताना, नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग अखंड स्थितीत वर आले.

बॉम्बची विवरे मंदिरांमधून अजून आहेत. त्यांत गवत वाढते, पावसाळ्यात पाणी साचते. ‘ए-१’चा मनोरा मात्र पाहायचा असेल, तर ग्रंथालयातच जावे लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आँरी पार्मांतिए यांनी दरीतील झाडी तोडून, एकेक मंदिर मोजून त्याची रेखाचित्रे काढली होती, आणि ती त्यांच्या चाम वास्तूंवरील ग्रंथात छापली गेली. त्या पानांवर तो मनोरा शिखरासकट उभा आहे.